इंडक्शन दिवे: पुरवठादार काय सांगतो आणि मीटर काय सांगतो

प्रश्न: आमची बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मशीनिंगची शेड आहे. ४० मीटर बाय १८ मीटर, वर पत्रा, दिवे साधारण ८ मीटरवर. ४०० वॅटचे २४ मेटल हॅलाइड दिवे वडिलांच्या वेळेपासून आहेत आणि दोन पाळ्या धरून रोज १२ तास चालतात. एक पुरवठादार २०० वॅटचे इंडक्शन दिवे सुचवतोय. त्याचं म्हणणं, वीज निम्मी, उजेड तेवढाच, आयुष्य १ लाख तास. दुसरा म्हणतो एलईडीच घ्या. वडील म्हणतात, चालू आहेत ते चालू द्या. इंडक्शनचे फायदे खरंच आहेत का?

उत्तर:

फायदे खरे आहेत. पुरवठादाराने दिलेले आकडे मात्र एकेक करून तपासावे लागतील. आणि वडिलांच्या बाजूने मला कौल देता येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. दिवे चालू आहेत हे खरं, पण ते खातात किती ते पुढे येईलच.

आधी हा दिवा चालतो कसा ते बघू, कारण त्याचे सगळे फायदे आणि सगळ्या अडचणी तिथूनच निघतात. जुनी ट्यूबलाइट उतरवून पाहिली असेल, तर तिची दोन्ही टोकं काळी पडलेली दिसतात. त्या टोकांत टंगस्टनची बारीक तार असते आणि तारेवर लेप असतो. ट्यूब पेटताना आणि जळताना तो लेप थोडा थोडा उडतो आणि आतून काचेवर जाऊन बसतो. लेप संपला की ट्यूब गेली. काच, वायू, पावडर सगळं शाबूत असतं, पण उपयोग नाही. मेटल हॅलाइडमध्येही इलेक्ट्रोडची, म्हणजे वीज आत सोडणाऱ्या टोकांची, झीज चालूच असते. इंडक्शन दिव्यात हे इलेक्ट्रोडच नाहीत. बंद काचनळीभोवती, किंवा बाटलीच्या आकाराचा दिवा असेल तर त्याच्या पोटात, फेराइटचा गाभा आणि त्यावर तारेचं वेटोळं असतं. त्यात उच्च वारंवारितेचा प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र काचेतून आत शिरतं आणि आतल्या पाऱ्याच्या वाफेत प्रवाह फिरू लागतो. वाफेतून अतिनील किरण निघतात आणि काचेवरची पावडर त्यांचा पांढरा उजेड करते. म्हणजे काम ट्यूबलाइटचंच, फक्त झिजणारी तार काढून टाकलेली.

कल्पना जुनी आहे. फॅरडेने विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवलं १८३१ साली, आणि टेस्लाने १८९० च्या दशकात इलेक्ट्रोड नसलेले दिवे पेटवून दाखवले. पण एवढ्या वारंवारितेचा प्रवाह स्वस्तात तयार करणारी इलेक्ट्रॉनिक्स नव्हती, त्यामुळे बाजारात यायला शंभर वर्षं गेली. फिलिप्सचा क्यूएल १९९१ मध्ये आला, जीईचा जेन्युरा १९९४ मध्ये. गंमत म्हणजे त्याच दशकात जपानमध्ये चांगला तेजस्वी निळा एलईडी तयार झाला, ज्याबद्दल २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. इंडक्शन दिव्याचा जम बसतोय न बसतोय तोवर त्याचा वारसदार दारात येऊन उभा होता.

आता ‘१ लाख तास’. तुमचं काम ३०० दिवस धरलं तर वर्षाला ३,६०० तास होतात. १ लाख तास म्हणजे जवळजवळ २८ वर्षं. आपल्या बडोद्यातले विक्रेते ‘नाखीने भूली जाओ’ म्हणतात, म्हणजे बसवा आणि विसरून जा. काचनळीपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पावडर हळूहळू मंदावते, ६० हजार तासांच्या आसपास उजेड साधारण तीस टक्क्यांनी उतरलेला असतो, पण नळी अचानक दगा देत नाही. दगा देतो तो जनरेटर. वेटोळ्याला उच्च वारंवारितेचा प्रवाह पुरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, त्याला या धंद्यात जनरेटर म्हणतात. बंद पडलेला असा डबा उघडला की बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं सपाट डोकं फुगून वर आलेलं, कधी डोक्यावरच्या फुलीच्या खाचेतून तपकिरी चिकट द्रव बाहेर आलेला. या कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. मे महिन्यात बडोद्यात बाहेर ४२ अंश असतात तेव्हा पत्र्याखाली, ट्रसच्या (छताच्या सांगाड्याच्या) पातळीवर किती असेल याचा अंदाज घ्यायला दुपारी दोन वाजता एकदा शिडी चढून बघा. कॅटलॉगमधलं आयुष्य बहुधा २५ अंशांच्या खोलीतलं असतं.

म्हणून पुरवठादाराला दिव्याची नाही, जनरेटरची लेखी हमी मागा. तो बहुधा पाच वर्षं म्हणेल. मग १ लाख तास आणि पाच वर्षं, म्हणजे तुमच्या वापरात १८ हजार तास, यांतलं अंतर तुमचं तुम्हाला दिसेल.

यातली दुसरी मेख कोटेशनवर कधीच लिहिलेली नसते. जनरेटर आणि नळी ही जोडी असते. एका कंपनीचा जनरेटर दुसऱ्या कंपनीच्या नळीवर चालेलच असं नाही. वारंवारिताच वेगळी असते, कुठे २.६५ मेगाहर्ट्झ तर कुठे अडीचशे किलोहर्ट्झच्या आसपास. हॅलाइडचा चोक गेला तर रावपुऱ्यातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातून दुसरा आणून वायरमन दुपारपर्यंत दिवा पेटवतो. इंडक्शनमध्ये तसं होत नाही. ज्याने माल दिला त्याच्याच दारात जावं लागतं, आणि त्याने तो माल आणणं थांबवलं असेल तर चांगली नळी भंगारात जाते. आज ही भीती पोकळ नाही. दिव्यांच्या मोठ्या कंपन्या इंडक्शन सोडून एलईडीकडे गेल्या त्याला बरीच वर्षं झाली.

मग इंडक्शनचा खरा फायदा कुठे होता? दिव्यापर्यंत पोचायला महाग पडतं तिथे. बोगदे, उंच खांब, पूल, उंच छताचे हॉल, जिथे एक दिवा बदलायला रस्ता बंद करावा लागतो किंवा परांची बांधावी लागते. तिथे दिव्याच्या किमतीपेक्षा चढण्याचा खर्च मोठा, म्हणून न झिजणाऱ्या नळीला किंमत होती. तुमच्याकडे ८ मीटरवर दिवे आहेत. एक हॅलाइड उडाला की काय होतं ते आठवा. क्रेन असेल तर ती थांबवायची, खालचं मशीन झाकायचं, वायरमन वर, एक जण शिडी धरून खाली, पट्टा बांधायचा, पाळीतला तासभर गेला. बऱ्याच शेडमध्ये म्हणूनच एक दिवा गेला की कोणी चढत नाही, चार जाईपर्यंत वाट बघतात आणि कारागीर अंधारात काम करतात. दीर्घ आयुष्याचा हिशेब करायचा तो या चढण्याच्या संख्येवर. आणि लक्षात घ्या, जनरेटर वरच असेल तर जनरेटर बदलायलाही तेवढंच चढावं लागतं. नळी २८ वर्षं टिकली तरी तुमच्या वायरमनचा त्यात काही फायदा नाही.

आता वीज. ४०० वॅटचा हॅलाइड चोकसकट ४५० वॅटच्या आसपास घेतो. २४ दिवे म्हणजे १०.८ किलोवॅट, वर्षाला ३८,८८० युनिट. २०० वॅटचा इंडक्शन जनरेटरसकट २१० वॅट धरला तर ५.०४ किलोवॅट, वर्षाला १८,१४४ युनिट. २०,७३६ युनिट वाचले. बिलावरचा तुमचा दर घालून बघा. हिशेबापुरते युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला १,६५,८८८ रुपये. वडिलांना दाखवायचा आकडा हा. जुना दिवा चालू ठेवणं फुकट नाही.

‘निम्मी वीज’ हे पुरवठादाराचं म्हणणं म्हणजे बरोबर ठरलं. ‘तेवढाच उजेड’ ठरत नाही. नवा ४०० वॅटचा हॅलाइड बत्तीस-पस्तीस हजार ल्युमेन देतो; ल्युमेन हे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. इंडक्शन वॅटला साधारण ८० ल्युमेन देतो, म्हणजे २०० वॅटला १६ हजार. निम्मा. विक्रेता इथे दोन युक्त्या करतो. पहिली, तो नव्या इंडक्शनची तुलना तुमच्या थकलेल्या हॅलाइडशी करतो. हॅलाइड लवकर मंदावतो, काचेवर आणि रिफ्लेक्टरवर तेलकट धूळ बसलेली असते, त्यामुळे डेमोच्या दिवशी इंडक्शन झकपक दिसतो. ही तुलना अगदीच खोटी नाही, तुमचे आजचे दिवे खरोखर मंद असतील. पण तसं असेल तर आधी रिफ्लेक्टर पुसून बघा, फुकटचा उजेड मिळेल.

दुसरी युक्ती जास्त वाईट. काही कॅटलॉगमध्ये ल्युमेनच्या शेजारी ‘डोळ्याला जाणवणारे ल्युमेन’ असा एक रकाना असतो आणि त्यातला आकडा खऱ्या ल्युमेनच्या दीडपट, कधी दुपटीच्या जवळ असतो. आधार असा की मंद उजेडात डोळा निळसर प्रकाशाला जास्त संवेदनशील होतो. अंधाऱ्या रस्त्यावर या म्हणण्यात तथ्य आहे. तुमच्या लेथवर नाही. तिथे डोळ्याला भरपूर उजेड लागतो आणि त्या पातळीला डोळा नेहमीच्या पद्धतीनेच बघतो. तो रकाना पेनने खोडून पुढे वाचा.

शेडचं गणित करून पाहिलं. २४ इंडक्शन दिव्यांचे ३,८४,००० ल्युमेन. त्यातले फिटिंगमधून सुटून कामाच्या पातळीपर्यंत पोचतात साधारण ६० टक्के. धूळ आणि पुढे येणारी मंदी यांच्यासाठी आणखी ०.७ ने गुणा. शेडच्या ७२० चौरस मीटरने भागलं की २२४ लक्स येतात, लक्स म्हणजे चौरस मीटरमागे पडणारे ल्युमेन. यंत्रावरच्या मध्यम बारकाईच्या कामाला आयएस ३६४६ या भारतीय मानकाच्या हिशेबाने ३०० ते ५०० लक्स तरी हवेत. म्हणजे पुरवठादाराने सुचवलेल्या संख्येत तुमचा उजेड कमी पडतो. नळ्या वाढवल्या की वीज वाढते, आणि निम्म्या विजेची गोष्ट तिथेच संपते.

त्याच जागी १५० वॅटचे, वॅटला १३० ल्युमेन देणारे चांगल्या प्रतीचे एलईडी हायबे (उंच छताला लावायचे दिवे) बसवले तर २४ फिटिंगचे ४,६८,००० ल्युमेन. एलईडीचा उजेड मुळातच खाली फेकला जातो, नळीसारखा चहूकडे जाऊन रिफ्लेक्टरवरून परत यावा लागत नाही, म्हणून इथे ७५ टक्के धरता येतात, आणि देखभालीसाठी ०.८. उत्तर ३९० लक्स. वीज ३.६ किलोवॅट, वर्षाला १२,९६० युनिट, इंडक्शनपेक्षा ५,१८४ युनिट कमी. ८ रुपयांनी ४१,४७२ रुपये दर वर्षी. किमतीबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण दोन्ही कोटेशनांतल्या फरकाला या आकड्याने भागा आणि तो किती वर्षांत वसूल होतो ते बघा.

नवीन बसवायचं तर माझं मत एलईडीकडे आहे, हे यावरून कळलंच असेल. तरी इंडक्शनचे दोन-तीन गुण असे आहेत की एलईडी निवडतानाही तेच कसोटी म्हणून वापरावेत.

एक म्हणजे वीज गेल्यावर पुन्हा पेटणं. पावसाळ्यात फीडर ट्रिप झाला, किंवा शेजारच्या शेडमध्ये मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडलं की हॅलाइड विझतो आणि थंड होईपर्यंत पेटत नाही. दहा-पंधरा मिनिटं कारागीर हात बांधून उभे. इंडक्शन लगेच पेटतो, पूर्ण तेज यायला एखाद-दोन मिनिटं लागतात इतकंच. एलईडी तर तत्काळ.

दुसरा गुण सुरक्षेचा, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे. साध्या चोकवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण लेथवर काम पकडून फिरणाऱ्या चकला कळतं. चकचे तीन जबडे आणि फिरण्याचा वेग यांचा मेळ बसला की चालू लेथचा चक थांबल्यासारखा किंवा उलटा, सावकाश फिरताना दिसतो. नवीन पोरगा गेज लावायला हात पुढे करतो. जुन्या शेडमध्ये शेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर टाकत ते यासाठीच, पण पुढे कोणीतरी वायरिंग बदलतं आणि एका रांगेतले सगळे दिवे एकाच फेजवर येतात. इंडक्शनची वारंवारिता इतकी उंच असते की हा प्रकार जवळजवळ नाहीसा होतो. एलईडीमध्ये मात्र सगळं ड्रायव्हरवर, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर, अवलंबून. स्वस्त ड्रायव्हरचा एलईडी हॅलाइडपेक्षाही वाईट लुकलुकतो. तपासायला मीटर लागत नाही. नमुन्याच्या दिव्याखाली मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करा, काळे-पांढरे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा परत पाठवा.

तिसरा गुण नजरेचा. इंडक्शनची नळी मोठी, उजेड पसरट आणि मऊ. घासून चकचकीत केलेल्या शाफ्टवर किंवा मायक्रोमीटरच्या बाहीवरच्या बारीक रेषा वाचताना त्याचा फरक जाणवतो. एलईडीचे उघडे टिंब धातूत टिंबांसारखेच परावर्तित होतात, डोळा मिचकावा लागतो आणि रीडिंग पुन्हा घ्यावं लागतं. म्हणून एलईडी घेताना दुधी किंवा प्रिझमॅटिक कव्हर असलेलं फिटिंग मागा. थोडे ल्युमेन जातील, जाऊ द्या. तपासणीच्या टेबलावर तर वेगळी रांग खाली उतरवून लावा. ८ मीटरवरून टेबल उजळवण्याचा हट्ट धरू नका.

वीज वाचवायचीच आहे तर शेडच्या पत्र्यात अधूनमधून पारदर्शक पत्रे आहेत का? असतील तर शेवटचे कधी धुतले? आपल्याकडे वर्षातले आठ महिने लख्ख ऊन असतं आणि भर दुपारी शेडमध्ये दिवे जळत असतात. खिडकीकडच्या आणि पारदर्शक पत्र्याखालच्या रांगांना वेगळा स्विच द्या. कुठल्याही कंपनीचा माणूस तुम्हाला हे सांगायला येणार नाही, कारण यात विकायला काही नाही.

एलईडीचं कोटेशन घेताना ‘५० हजार तास’ या शब्दांवर जाऊ नका. तो आकडा बहुधा चिपच्या चाचणीवरून काढलेला असतो, फिटिंगच्या नाही. इथेही पहिला बळी ड्रायव्हरचाच जातो. म्हणून ड्रायव्हर फिटिंगच्या गरम अंगापासून सुटा आहे का, वेगळा बदलता येतो का, आणि फिटिंग ५० अंश वातावरणासाठी आहे का ते विचारा. १० किलोव्होल्टचं सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून संरक्षण, मागा. वेल्डिंग मशीन असलेल्या शेडमध्ये ते नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात कळतं. ड्रायव्हरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक असायला हवा. चाचणी अहवाल मागितला की काहीजण झेरॉक्स पुढे करतात ज्यात मॉडेलचं नावच वेगळं असतं. शंका आली तर विद्युत उपकरणांची चाचणी करणारी इर्डा ही संस्था तुमच्याच मकरपुऱ्यात आहे, तिथे चौकशी करा. आणि दिवा पत्र्याला चिकटवू नका, मीटरभर खाली सोडा. गरम हवा वरच राहते.

बाजारातल्या सगळ्यात स्वस्त एलईडीपेक्षा चांगला इंडक्शन बरा, असं माझं मत आहे. त्यामुळे ज्यांच्याकडे इंडक्शन आधीच लागलेले आहेत आणि नीट चालताहेत, त्यांनी ते उपटून काढण्याची घाई करू नये. एखादी रांग एलईडीवर न्यावी, तिथले निघालेले चांगले जनरेटर सुटे भाग म्हणून कोरड्या जागी ठेवावेत आणि बाकीचे दिवे त्यांवर चालवावेत. जिथे संवेदनशील इलेक्ट्रॉनिक मोजमाप चालतं तिथे तेवढं लक्ष ठेवावं, कारण जुना किंवा नीट अर्थिंग नसलेला जनरेटर रेडिओ लहरींची खरखर पसरवतो.

तुम्ही मात्र असं करा. दोन्ही पुरवठादारांना सांगा की शेडच्या एका कोपऱ्यात चार-चार फिटिंग लावून द्या. ठरवाठरवी तिथे होऊ दे. लक्स मीटर भाड्याने किंवा कोणाकडून मागून आणा, मोजमाप रात्री घ्या, म्हणजे उन्हाचा उजेड मिसळणार नाही, आणि मीटर कामाच्या उंचीवर, मशीनच्या बेडवर ठेवा, जमिनीवर नाही. इंडक्शन असेल तर १०० तास जळू दिल्यानंतरच मोजा. दिव्याच्या बरोबर खाली आणि दोन दिव्यांच्या मध्ये, दोन्हीकडे मोजा. मधला आकडा फार पडत असेल तर फिटिंगचा कोन अरुंद आहे. टाँग टेस्टरने (वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) करंट तपासा, पण वॅट हवे असतील तर पॉवर फॅक्टर दाखवणारा मीटर लावा, नाहीतर आकडा फसवतो. मग जे येईल ते, ‘तीन वर्षांनी अमुक लक्स’ असं, खरेदीच्या ऑर्डरमध्ये लिहून घ्या. जो पुरवठादार ते लिहून द्यायला कां कूं करतो त्याच्याशी पुढे बोलायचं कारण नाही.

राहिले उतरवलेले दिवे. हॅलाइडमध्ये पारा असतो, इंडक्शनमध्येही असतो, तो बहुधा मिश्रधातूच्या छोट्या गोळीच्या रूपात. भंगारवाला हे दिवे फोडून धातूची टोपी आणि चोकचं तांबं घेतो आणि काच तिथेच टाकतो, तसं होऊ देऊ नका. पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. चोक आणि फिटिंग भंगारात खुशाल विका, पण दिवे मूळ खोक्यात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या आणि पावती फाइलला लावा. उतरवताना एखादा फुटलाच तर शटर उघडून माणसांना पंधरा मिनिटं बाहेर काढा. व्हॅक्यूम क्लीनर किंवा केरसुणी लावू नका, तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला आणि सगळं झाकणाच्या डब्यात बंद करा. चोवीस दिवे एकाच दिवशी उतरवणार असाल तर हे सगळं वायरमनला आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐनवेळी वर चढलेल्या माणसाला खालून ओरडून सांगितलेलं ऐकू येत नाही.